घरात फक्त तेलाची कुपी

गटाच्या बैठकीत हप्त्याचा विषय निघाला, की कुणीतरी एक बाई हमखास म्हणते, "माझ्याकडं काहीच नाही गं." नांदेड-लातूरच्या कुठल्याही गावात हे वाक्य ऐकू येईल. सोयाबीनला भाव नाही, बोअर आटलाय, लेकराच्या कॉलेजची फी भरायचीय, आणि फायनान्सवाला ठरल्या दिवशी दारात उभा. आम्ही ख्रिस्ती घरांतल्या बाया. आमच्या प्रार्थनेतही हेच वाक्य असतं. देवावर भरवसा ठेवा, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय? हात जोडून बसायचं? आज त्यावर बोलू. ज्या बहिणी देवाला दुसऱ्या नावानं हाक मारतात त्यांनीही ऐकावं, कारण हप्ता सगळ्यांच्याच दारात येतो.

बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात, एका कर्जबाजारी विधवेची गोष्ट आहे. तिचं नाव दिलेलं नाही. नवरा देवभिरू होता, पण कर्ज मागं ठेवून गेला. सावकार आला आणि म्हणाला, पैसे नाहीत तर तुझी दोन्ही पोरं गुलाम म्हणून नेतो. ती अलीशा नावाच्या संदेष्ट्याकडं गेली आणि तिनं गाऱ्हाणं मांडलं. त्यानं तिला लगेच पैसे दिले नाहीत आणि उपदेशही केला नाही. त्यानं विचारलं, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणाली, काहीच नाही; तेलाची एक कुपी तेवढी आहे.

आता तिचं उत्तर नीट ऐका. आधी "काहीच नाही", मग "तेवढी आहे". आपणही असंच बोलतो. दोन शेळ्या, परसातली चार शेवग्याची झाडं, शिवणाचं जुनं मशीन, हे आपल्या हिशेबात धरलंच जात नाही. त्या देशात जैतुनाचं तेल स्वयंपाकाला लागायचं, दिव्याला लागायचं, जखमेला लावायचं. म्हणजे कुपी लहान असली तरी आतला माल विकला जाणारा होता. संदेष्ट्यानं काम सुरू केलं ते तिथून.

पुढं त्यानं तिला शेजारपाजारहून रिकामी भांडी मागून आणायला सांगितलं, आणि थोडीथोडकी आणू नकोस असंही बजावलं. आम्हाला या गोष्टीत ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. कर्जबाजारी घरातली बाई शेजारी जायला लाजते. लोक काय म्हणतील, भांडी कशाला हवीत असं विचारतील, ही धास्ती असते. तिला दारोदार जावं लागलं. मग घरात येऊन तिनं दार लावलं, पोरं एकेक भांडं पुढं करत गेली आणि ती कुपीतून ओतत गेली. शेवटचं भांडं भरलं तेव्हा तिनं आणखी एक मागितलं. पोरगा म्हणाला, आता भांडं नाही. तिथं तेल थांबलं. म्हणजे कमी पडली ती भांडी. ती परत संदेष्ट्याला सांगायला गेली, तेव्हा तो म्हणाला, तेल विक, देणं फेड आणि उरलेल्यावर तू आणि तुझी पोरं जगा.

तेल देवानं वाढवलं, असं आम्ही मानतो. पण बाजारात जाऊन ते विकायचं काम तिचंच होतं. कर्ज आकाशातून माफ झालं नाही, तिनं ते फेडलं.

कुणी म्हणेल, हे फार जुन्या काळचं. मग जवळचं बघू. लातूरहून रेल्वेनं पुण्याला जाताना दौंड मागं पडलं की केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. स्वतः रमाबाईंनी भावाबरोबर पायी भटकत, पाण्यावर आणि झाडपाल्यावर दिवस काढले. पुढं लग्न झालं आणि लवकरच वैधव्य आलं. पदरात लहान मुलगी, मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं.

सदनाचा खर्च अमेरिकेतल्या बोस्टनच्या हितचिंतकांकडून येत होता, पण त्यांनी दहाच वर्षांचं कबूल केलं होतं. मुदत संपल्यावर काय? रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा विचार. इंग्लंडातल्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र त्यांनी वाचलं होतं. या गृहस्थांनी ब्रिस्टलमध्ये कुणापुढं हात न पसरता, प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळली. रमाबाईंचा भरवसाही त्याच जातीचा होता, पण प्रार्थनेबरोबर विहीरही खणायची, हे त्यांनी सोडलं नाही.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. हातात पैसा बेताचा, सदनाची ठरलेली माणसंच सांभाळायची होती. तरी त्या तिकडं गेल्या. आपण ज्या भुकेतून निघालो तीच भूक त्या मुलींच्या तोंडावर त्यांना दिसली, आणि शेकडो बायामुली त्यांनी आणल्या. केडगावला एवढ्यांसाठी पक्की घरं नव्हती, झोपड्या उभारल्या. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातूनही बायामुली आल्या, तेव्हा तिथली संख्या पंधराशेच्या घरात गेली. सगळ्यांना पुरेल इतका साठा हातात धरून हे काम सुरू झालं नव्हतं. आणि आलेल्या बाया नुसत्या बसून खात नव्हत्या: विणकाम, शेती, गाईगुरं, छापखाना. रमाबाईंनी साध्या मराठीत केलेलं बायबल तिथल्याच बायांनी खिळे जुळवून छापलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या; पूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आलं.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी, कारण भरवशाच्या नावावर गरीब बाईला नाडलंही जातं. "होतं नव्हतं ते देवाला दे, दसपट मिळेल" असं सांगणारे प्रचारक आपल्याकडंही फिरतात. ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या विधवेचा दाखला देतात, जिनं मंदिराच्या पेटीत आपली शेवटची दोन नाणी टाकली. येशूनं तिचं कौतुक केलं, खरं आहे. पण तोच बारावा अध्याय थोडा आधीपासून वाचा. तिथं येशू विधवांची घरं गिळणाऱ्या धर्मगुरूंवर तुटून पडतो. तो भाग वगळून नुसती नाणी सांगणाऱ्याच्या हातात गटाचा एक रुपयाही देऊ नका. अलीशानं त्या बाईकडून तेल घेतलं नव्हतं.

आता सावकाराकडं येऊ. मायक्रोफायनान्सचं कर्ज बहुतेक गावांत पोचलंय, आणि एक हप्ता भरायला दुसरं कर्ज काढणाऱ्या बाया आपण पाहतो. अशा वेळी देवावर भरवसा ठेवून तिसरं कर्ज काढणं हा भरवसा नाही. रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम माहीत असू द्या. वर्षाचं घरचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर अशा कर्जाला काही तारण ठेवावं लागत नाही. घराची, जमिनीची कागदं मागितली तर देऊ नका. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वसुलीवाल्यानं सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही. केली तर एकटीनं सोसू नका, गटाला सांगा. लाजेपोटी दार लावून बसणं वेगळं आणि त्या विधवेनं शेजारची भांडी घरात आणून दार लावलं ते वेगळं.

आपल्याच भागात आणखी एक काम झालंय. ते धर्माचं नाही, पण या गोष्टीशी जुळतं. स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत बायांबरोबर उभी राहिली. पुढं तिच्याशी जोडलेल्या बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला. सगळं रान सोयाबीनला देण्याऐवजी त्या तुकड्यात भाज्या, डाळी, ज्वारी घेतली. आधी घरच्यांचं पोट, मग उरलेलं बाजारात. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. नवऱ्याकडं एक एकर मागायला किती धीर लागतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

सगळ्यांचीच कुपी भरभरून वाहते असं नाही, हेही खरं. बायबलातच सारफथ गावच्या दुसऱ्या एका विधवेची गोष्ट आहे. तीही दुष्काळातलीच. मडक्यात मूठभर पीठ, थोडं तेल. शेवटची भाकर करून लेकासह खायची आणि मरायचं, असं तिनं ठरवलेलं. एलिया संदेष्टा आला, तिनं त्याला आधी भाकर दिली, आणि पाऊस पडेपर्यंत तिचं मडकं रिकामं झालं नाही. पण तिचं घर पोत्यांनी भरलं असं कुठंही लिहिलेलं नाही. रोज मडक्यात हात घालायचा आणि रोज त्या दिवसापुरतं निघायचं. आमच्यातल्या कितीतरी घरांचं असंच चाललंय.

पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीबरोबर एक कोरं पानही ठेवा. प्रत्येकीनं त्यावर घरात काय आहे ते लिहायचं, मग ते कितीही किरकोळ असो. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीनं लिहावं. त्याखाली आणखी एक ओळ लिहायची: भांडं कुणाकडं मागता येईल?