नवा कन्सोल पहिल्याच दिवशी घ्यावा काय?

नवा गेम कन्सोल बाजारात येणार अशी बातमी आली की तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी एक वाद सुरू होतो. मुलांचे म्हणणे, 'पहिल्याच दिवशी घेऊ या.' वडीलधाऱ्यांचे म्हणणे, 'थोडे थांब, काही बिघडत नाही.' प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आला तेव्हा तबकडीवर चालणाऱ्या नमुन्याची किंमत ४९,९९० रुपये होती. आपल्याकडे पुष्कळ घरांत महिन्याची मिळकतही एवढी नसते. तेव्हा वाद होणारच. परंतु या वादात दोन्ही पक्ष एक गोष्ट बहुधा विसरतात. हा प्रश्न हौसेचा आणि काटकसरीचा आहे, तसाच तो उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाचाही आहे! कसा ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

२२ नोव्हेंबर २००५ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल विक्रीस आला. त्याच्या बटणाभोवती दिव्यांचे एक कडे होते. यंत्र ठीक असले की तेथे हिरवा प्रकाश दिसे. कड्याच्या चार भागांपैकी तीन भाग तांबडे होऊन लुकलुकू लागले, तर आत गंभीर बिघाड झाला असे समजायचे. आणि हे तांबडे दिवे घरोघरी दिसू लागले. चांगला चाललेला कन्सोल एके दिवशी अचानक बंद पडे. अमेरिकेत सुरुवातीची वॉरंटी होती केवळ ९० दिवसांची. अखेर ५ जुलै २००७ रोजी कंपनीने या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्यापोटी १०५ ते ११५ कोटी डॉलर खर्च धरला. पुढे २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच काढलेल्या एका माहितीपटात कारण सांगितले गेले: यंत्र पुन्हा पुन्हा तापून आणि थंड होऊन आतील सूक्ष्म सांधे तुटत होते.

तापल्याने आणि थंड झाल्याने सांधा का तुटावा? रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, हे तुम्ही इयत्ता सातवी-आठवीतच शिकला आहात. येथेही तेच आहे, फक्त मापे अतिशय लहान.

चिप म्हणजे सिलिकॉनचा एक पातळ तुकडा. हा तुकडा एका लहानशा पाटावर बसवलेला असतो. पाट राळ आणि काचतंतू यांचा बनवतात. चिप आणि पाट यांच्यामध्ये सोल्डरचे शेकडो बारीक थेंब असतात. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तारा जोडताना जो धातू वितळवतो, त्याच जातीचा हा धातू. प्रत्येक थेंब हा विजेचा एक मार्ग. त्यांपैकी महत्त्वाचा एक जरी तुटला, तरी सारे यंत्र ठप्प.

आता गणित करू. एक अंश सेल्सिअस तापमान वाढले की सिलिकॉनची लांबी मूळ लांबीच्या दहा लाखांत २.६ भागांनी वाढते. पाटाची लांबी मात्र दहा लाखांत सुमारे १५ भागांनी वाढते. चिपच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर १० मिलिमीटर धरा. खोलीचे तापमान २५ अंश, आणि खेळ ऐन रंगात असताना चिपचे ८५ अंश. म्हणजे फरक ६० अंशांचा. सिलिकॉनचा कोपरा सुमारे १.६ मायक्रोमीटर बाहेर सरकेल, पाट ९ मायक्रोमीटर सरकेल. दोघांतला फरक झाला सुमारे साडेसात मायक्रोमीटर. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे ध्यानात असू द्या.

साडेसात मायक्रोमीटर म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण मधल्या थेंबाची उंचीच मुळी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे १०० मायक्रोमीटरच्या आसपास असते! त्याचे डोके एका जागी आणि पाय दुसरीकडे, असे त्याला दर वेळी तिरके व्हावे लागते. कन्सोल बंद केला की पुन्हा सरळ. प्रत्यक्षात थेंबांमधल्या जागेत राळ भरून हा ताण पुष्कळसा वाटून घेतलेला असतो. पण तो नाहीसा होत नाही, आणि सर्वांत जास्त ओढाताण कोपऱ्यावरच्या थेंबांची होते.

आता सोल्डरच्या स्वभावाविषयी एक गंमत सांगतो. कथील, चांदी आणि तांबे यांचे शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते. केल्विन मापात हे झाले ४९०. आपली खोली २५ अंशांची, म्हणजे २९८ केल्विन. म्हणजे खोलीत नुसते पडून असलेले सोल्डरसुद्धा आपल्या वितळणबिंदूच्या ६१ टक्क्यांवर असते. लोखंडाचा वितळणबिंदू १,८११ केल्विन. त्याचे ६१ टक्के काढले, तर येतात सुमारे ८३० अंश सेल्सिअस. लोहाराच्या भट्टीत लाल झालेला तुकडा डोळ्यांपुढे आणा! आणि चिप ८५ अंशांवर गेली, की सोल्डर १,०५० अंशांवरच्या लोखंडाच्या जोडीला जाऊन बसते. ही तुलना ढोबळ आहे, तरी अशा अवस्थेतला धातू ताणाखाली हळूहळू सरकत राहतो हे तिच्यातून उमगते. सरकणे, परत येणे, पुन्हा सरकणे असे चालता चालता त्याच्यात केसासारखी तडा पडते आणि ती वाढत जाते. याला धातूचा थकवा म्हणतात.

थकव्याचा साधा प्रयोग वर्गात करता येईल. कागदाला लावण्याची तारेची क्लिप सरळ करा आणि मधोमध ९० अंशांत वाकवून पुन्हा सरळ करा. तुटेपर्यंत किती वेळा वाकवावे लागले ते मोजा. दुसरी तशीच क्लिप ४५ अंशांतच वाकवा. तिच्या फेऱ्या दुप्पट व्हाव्यात असे वाटते. प्रत्यक्षात त्या दुपटीहून पुष्कळच अधिक भरतील. १९५० च्या दशकात कॉफिन आणि मॅन्सन या दोन अमेरिकन संशोधकांनी स्वतंत्रपणे याचा नियम मांडला. पुष्कळ धातूंच्या बाबतीत, कायमची विकृती निम्मी केली तर फेऱ्या साधारण चौपट होतात. (तार तुटताना डोळे सांभाळा, आणि प्रत्येक कोनासाठी निदान पाच क्लिपा घेऊन सरासरी काढा. शिक्षकांना फळ्यावर आलेख काढण्यास हा विषय फार चांगला आहे.)

मग कारखान्यात हे आधी कळत नाही काय? तेथे यंत्रे तापत्या-थंड होत्या पेटीत ठेवून दिवसभरात कितीतरी फेऱ्या करवतात आणि त्यावरून पुढच्या वर्षांचा अंदाज बांधतात. अडचण अशी की घाईने केलेली फेरी आणि घरातली फेरी सारखी नसते. घरी यंत्र तीन-चार तास तापलेलेच राहते, आणि सोल्डरला सरकायला तेवढी सवड मिळते. त्यात त्या सुमारास सारा इलेक्ट्रॉनिक उद्योग शिसे सोडून नव्या सोल्डरकडे वळत होता, कारण युरोपीय संघाचा शिसेबंदीचा नियम १ जुलै २००६ पासून लागू व्हायचा होता. कथील-शिशाच्या जोडीचा कित्येक दशकांचा अनुभव गाठीशी होता. नव्या मिश्रधातूचा नव्हता. एक्सबॉक्सच्या बिघाडाचे सारे खापर त्यावर फोडणे मला योग्य वाटत नाही, पण अंदाज बांधणे त्यामुळे अवघड झाले असणार.

यंत्रे केव्हा बिघडतात याचा अभियंते एक आलेख काढतात. आडव्या अक्षावर यंत्राचे वय, उभ्या अक्षावर बिघाडाचे प्रमाण. परात मधोमध उभी कापली, तर जशी कड दिसेल तसा हा आलेख असतो. डावीकडची चढलेली कड म्हणजे बनावटीतच दोष राहिलेली यंत्रे. ती पहिल्या काही आठवड्यांतच बंद पडतात. मधला सपाट तळ म्हणजे सुखाचा काळ. उजवीकडची कड म्हणजे झिजेने आणि थकव्याने येणारे म्हातारपण. एक्सबॉक्स ३६० ची मेख अशी होती की पुष्कळ यंत्रांत ही उजवी कड फार लवकर आली. ९० दिवसांची वॉरंटी केवळ डावी कड झाकते. कंपनीला वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली ती विक्री सुरू झाल्यावर साडेएकोणीस महिन्यांनी.

म्हणूनच 'दोन महिने थांबून लोक काय म्हणतात ते पाहू' हा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. त्याने पंख्याचा आवाज, सदोष बटणे असे दोष कळतील. सांध्यांचा थकवा दोन महिन्यांत कुणालाच दिसणार नाही.

थांबण्याचा दुसरा फायदा यंत्राच्या आत होतो. वर्षा-दोन वर्षांनी तोच कन्सोल अधिक लहान ट्रान्झिस्टरांच्या चिपवर बनवला जातो. ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याची विद्युत धारिता कमी होते आणि त्याला दाबही थोडा कमी पुरतो. प्रत्येक उघडझापीत लागणारी ऊर्जा धारिता गुणिले दाबाचा वर्ग, या प्रमाणात असते. दाब नुसता दहा टक्क्यांनी उतरवला तरी ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते, हे तुम्ही स्वतः पडताळून पाहा. एक्सबॉक्स ३६० च्या पहिल्या नमुन्याची वीजपुरवठा पेटी २०३ वॅटची होती. २०१० च्या नव्या नमुन्याची १३५ वॅटची. कमी वॅट म्हणजे कमी उष्णता, कमी प्रसरण, आणि सांध्यांना दीर्घ आयुष्य. निन्टेंडोच्या स्विच या हातात धरून खेळायच्या कन्सोलचेही असेच झाले. २०१७ च्या नमुन्याची बॅटरी अडीच ते साडेसहा तास चाले. २०१९ च्या सुधारित नमुन्याची साडेचार ते नऊ तास चालू लागली, आणि किंमत तीच राहिली.

तर मग थांबावे हेच खरे? येथे वडीलधाऱ्यांना थोडे गप्प करणारी गोष्ट सांगतो. 'थांबलो की स्वस्त मिळेल' हा नियम पूर्वी खरा होता. प्लेस्टेशन ३ चा ६० गिगाबाइटचा नमुना अमेरिकेत नोव्हेंबर २००६ मध्ये ५९९ डॉलरला होता. २००९ साली त्याचा सडपातळ नमुना २९९ डॉलरला आला. प्लेस्टेशन ५ चे उलटे झाले. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली, आणि अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये ती ५० डॉलरने वाढली. ट्रान्झिस्टर लहान करण्याचा खर्चच आता इतका वाढला आहे की लहान चिप पूर्वीसारखी स्वस्त पडत नाही. तेव्हा आता थांबून टिकाऊपणा मिळेल. पैसे वाचतीलच असे नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, केवळ त्याच यंत्रावर चालणारा एखादा खेळ तुम्हाला आत्ताच हवा नसेल, तर वर्षभर थांबावे. घ्यायचेच ठरले, तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारा: वॉरंटी किती काळाची, आणि यंत्र परदेशातून आणलेले असल्यास ती इथे चालेल काय? वॉरंटी जितकी लांब, तितका उजव्या कडेचा धोका कंपनीने आपल्या अंगावर घेतलेला असतो.

यंत्र घरी आल्यावर त्याची जागाही पाहा. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. खोली २५ ऐवजी ४० अंशांची असली, तर तेवढीच हवा फिरवून चिपही सुमारे १५ अंश अधिक तापते. त्यात यंत्र दूरदर्शन संचाखालच्या बंद कपाटात कोंबले आणि जाळ्यांवर धूळ साचू दिली, तर तापमान आणखी चढते. मागे आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा मोकळी ठेवा. आणि अमेरिकेत काही जणांनी बंद पडलेला एक्सबॉक्स टॉवेलात गुंडाळून तापवला, तेव्हा तो थोडा वेळ चालू झाला होता, कारण तडा गेलेले सांधे तापून क्षणभर एकमेकांना टेकले असावेत. हा प्रयोग मात्र घरी कुणीही करू नये. त्याने तडा जुळत नाही आणि आग लागू शकते.