गुन्हा दाखल झाला? वकीलपत्रावर सही करण्याआधी हे तपासा

बांधाचा वाद, पाण्याची पाळी, पिकात शिरलेली गुरं. गावाकडच्या बऱ्याच फौजदारी केसेस अशाच सुरू होतात. मारामारी होते, समोरचा पोलिस ठाणे गाठतो आणि फिर्यादीत एकाच घरातल्या पाच-सहा जणांची नावं येतात. मग रात्रीतून धावपळ. कुणी पुढारी एका वकिलाचं नाव सांगतो, ठाण्याबाहेरचा एखादा माणूस दुसऱ्याचं. घाईत कोऱ्या वकीलपत्रावर सह्या होतात आणि केस मात्र पुढे कित्येक वर्षं चालते.

कोर्टात फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतो. आरोपीला आपला वकील स्वतः नेमावा लागतो. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २२ ने दिला आहे. अटक झाली तरी चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येतं. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत पोलिसांना आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावंच लागतं.

आधी कलमं बघा

पहिल्यांदा एफआयआरची प्रत मिळवा. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाइटवरही बघता येते. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, त्यामुळे जुने ३०७, ३२४ हे आकडे आता त्याच अर्थाने दिसणार नाहीत. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी अशा केसेस तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात चालतात. खून, खुनाचा प्रयत्न अशा केसेस सेशन कोर्टात जातात. अटकपूर्व जामीनही तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडे मिळत नाही, त्यासाठी सेशन कोर्ट किंवा हायकोर्टातच अर्ज करावा लागतो. म्हणून वकिलाला सरळ विचारा: सेशनला तुम्ही स्वतः उभे राहणार, की केस दुसऱ्याकडे देणार?

फौजदारीचा अनुभव आहे का?

वाटपाचे, रस्त्याचे दावे चांगले चालवणारा वकील फौजदारीतही तितकाच मुरलेला असेल असं नाही. फौजदारी केसमध्ये साक्षीदाराची उलटतपासणी फार महत्त्वाची असते. तालुक्याच्या कोर्टात एक दिवस मागच्या बाकावर बसून बघा. कोण तयारीने येतो, कोण नुसत्या तारखा मागतो, हे बरंचसं कळतं. मोबाईलवर ई-कोर्ट्स ॲपमध्ये वकिलाच्या नावानेही केसेस शोधता येतात. सनद नंबर विचारायलाही संकोच नको. खरा वकील तो लगेच सांगतो.

सगळ्यांचा वकील एकच?

इथे बरीच घरं फसतात. सहा आरोपी, एक वकील, खर्च कमी. पण सहाही जणांचं म्हणणं एकच असेल तरच हे चालतं. समजा काठी एकाने मारली आणि दुसरा फक्त भांडण सोडवायला गेला होता. दुसऱ्याचा बचाव सांगायचा तर पहिल्याकडे बोट दाखवावं लागेल, आणि दोघांचा वकील एकच असेल तर तो हे करू शकणार नाही. अशा वेळी भावाभावांनीही वेगळा वकील घ्यावा. त्यात नात्याचा अपमान नाही. वकील पुढाऱ्याने दिला असेल किंवा फी दुसऱ्याने भरली असेल, तरी ज्याच्यावर केस आहे त्याने वकिलाशी एकट्याने बोलायला हवं.

पैशाचं आधीच बोला

जामिनाचे किती, पुरावा सुरू झाल्यावर किती, प्रत्येक तारखेला वेगळे द्यायचे का, हे सुरुवातीलाच ठरवा. दिलेल्या पैशाची पावती घ्या किंवा ऑनलाइन भरा. ‘सुटलात तर इतके द्या’ अशी निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलचे नियम परवानगी देत नाहीत. दलालामार्फत केसेस गोळा करायलाही वकिलांना मनाई आहे. ‘शंभर टक्के सोडवतो’ म्हणणाऱ्यापासून किंवा ‘वर साहेबांना द्यायचेत’ म्हणून पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा.

पैसे नसतील तर?

मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, १८ वर्षांखालील मुलं आणि पोलिस किंवा तुरुंगाच्या कोठडीत असलेल्यांना यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० या नंबरवर फोन करूनही माहिती मिळते. अनेक जिल्ह्यांत आरोपींच्या बचावासाठी पूर्णवेळ वकिलांचं वेगळं कार्यालयही सुरू झालं आहे. ‘फुकटचा वकील काय कामाचा’ असं म्हणत जमीन गहाण टाकण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं.

वकील बदलता येतो

वकील फोन उचलत नसेल, तारखेला येत नसेल तर तो बदलता येतो. साधारणपणे आधीच्या वकिलाची ना-हरकत घेऊन नवीन वकीलपत्र दाखल होतं. फी बाकी आहे म्हणून वकील कागद अडवून ठेवू शकत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० साली स्पष्ट केलं आहे. वकिलाने गैरवर्तन केलं तर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

सगळं वकिलावर सोडूनही भागत नाही. एफआयआर, जामिनाचा आदेश आणि दोषारोपपत्राची एक-एक प्रत घरात ठेवा. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला मोफत मिळते. केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर मोबाईलमध्ये ठेवा, म्हणजे पुढची तारीख स्वतः बघता येते. तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. आणि वकीलपत्रावर सही करताना त्यात केसचं, कोर्टाचं आणि वकिलाचं नाव भरलेलं आहे ना, तेवढं वाचून घ्या. वाचता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा करा.