‘ट्रिप’ झालं म्हणजे बिघडलं नाही!

जुन्या इमारतीत रूम घेऊन राहताय? मग दाराच्या वरच्या त्या धुळकट बोर्डाकडे एकदा नीट बघाच.

सकाळचे साडेसात. एकीचा गिझर चालू, दुसरी इस्त्री करतेय, तिसरीने इंडक्शनवर चहा ठेवलाय. आणि खट्! अख्खी रूम बंद. मग ठरलेला डायलॉग, ‘‘आता कोणी काय लावलं गं?’’ पुण्याच्या पेठांत, दादर-गिरगावच्या जुन्या इमारतींत भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींना हे काही नवीन नाही. आठवड्यात तीनदा असं झालं की घरमालक काकांना फोन जातो. काका ओळखीच्या वायरमनला पाठवतात. तो १६ अँपिअरचा एमसीबी काढतो, ३२ चा बसवतो आणि म्हणतो, ‘‘आता नाही पडणार!’’

खरंच पडत नाही. पण प्रॉब्लेम सुटलेला नसतो, तो फक्त दिसेनासा झालेला असतो.

एमसीबी कोणाला वाचवतो?

आपल्याला वाटतं, एमसीबी आपल्याला किंवा आपल्या लॅपटॉपला वाचवतो. तसं नाही. त्याचं मुख्य काम भिंतीतली वायर वाचवणं. वायर झेपेल त्यापेक्षा जास्त करंट वाहू लागला की तो खाली पडतो. बारावीचं फिजिक्स आठवा: वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १६ च्या जागी ३२ अँपिअर वाहू दिले, तर उष्णता दुप्पट नाही, चौपट. वायर मात्र तीच, चाळीस वर्षांपूर्वीची. तिच्यावरचं आवरण तापून कडक होतं, तडकतं, आणि एक दिवस भिंतीच्या आतच शॉर्ट सर्किट होतं. सारखा पडणारा एमसीबी कटकट्या वाटतो खरा, पण तो बिचारा आपलं काम चोख करत असतो.

तेव्हाचं घर, आताचा लोड

ही घरं बांधली तेव्हा एका खोलीत दोन दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ एवढाच कारभार होता. आता हिशोब करा. २००० वॅटचं इंडक्शन, १५०० ची किटली, १००० ची इस्त्री: एकूण ४५०० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे साडेएकोणीस अँपिअर! आणि हे सगळं बहुतेक वेळा ६ अँपिअरच्या एकाच सॉकेटमधून, एक्स्टेन्शन बोर्ड लावून.

काही घरांत तर अजून चिनीमातीचे ‘किटकॅट’ फ्यूज आहेत. तार जळली की नवी गुंडाळायची, आणि पुन्हा जळू नये म्हणून एकाऐवजी तीन पदर! फ्यूज असून नसल्यासारखा. त्यात जुन्या बोर्डांवर न्यूट्रललाही फ्यूज असतो. तोच उडाला तर पंखा-दिवे बंद पडतात, पण फेज जिवंतच राहतो. ‘लाइट नाहीये’ म्हणून कोणी होल्डरमध्ये हात घातला, तर शॉक बसू शकतो.

माणसाला वाचवणारा वेगळाच

शॉकपासून वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. मध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट कोणाच्या तरी अंगातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत जातोय असं समजून तो ०.३ सेकंदाच्या आत सप्लाय तोडतो. सर्वात लहान घरगुती एमसीबींपैकी ६ अँपिअरचा घेतला, तरी हा करंट त्याच्या दोनशेव्या भागाएवढा. त्याला तो कळणारही नाही. पावसाळ्यात भिंती ओल धरतात तेव्हा हा फरक जीवावरचा ठरतो.

बोर्ड बदलणं म्हणजे काय?

नुसता जुना डबा काढून नवा चकचकीत डबा लावणं नव्हे. आधी घरातल्या उपकरणांच्या वॅटची यादी. मग वायरची तपासणी. साधारणपणे दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ६ किंवा १० चा एमसीबी. पॉवर सॉकेटला २.५ ची वायर आणि १६ चा; गिझर-एसीला ४ ची वायर आणि स्वतंत्र लाइन. त्यानंतर अर्थिंग. फ्रिजला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगची बोंब आहे असं समजा. शेवटी वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ पाहायचा. आपला वापर त्याहून जास्त असेल, तर वीज कंपनीकडे भार वाढवून मागायचा.

हे काम परवानाधारक वायरमनचंच. यूट्यूब बघून बोर्ड उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी वायर चालूच असते.

पण घर आपलं नाही ना!

काकांचं उत्तर पाठ असतं, ‘‘अरे, बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, आता कशाला खर्च?’’ त्यांचंही अगदी चूक नाही, पण ‘जाणार आहे’मध्ये पाच-दहा वर्षं सहज निघतात. सगळं वायरिंग बदलायला ते तयार नसतील, तर निदान दोन गोष्टी मागा: एक आरसीसीबी, आणि वायरला साजेसा एमसीबी. जुन्या वायरिंगवर आरसीसीबी सारखा पडू लागला, तर ‘बायपास करून टाक’ असं कोणालाही म्हणू देऊ नका. गळती कुठे आहे ते शोधायला लावा.

आणि आपल्या हातात आहे ते आजच करा. गिझर चालू असताना इंडक्शन बंद. गरम लागणारा स्विच, जळका वास, काळवंडलेलं सॉकेट दिसलं की वापर थांबवा, फोटो काढून काकांना पाठवा. आरसीसीबी असेल तर त्यावरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खट् आवाज होऊन लाइट गेली, तर उत्तम. नाही गेली, तर वायरमनला लगेच बोलवा.

पुढच्या वेळी रूम बघायला जाल तेव्हा वाय-फाय आणि पाण्याची वेळ विचारालच. सोबत एक प्रश्न आणखी विचारा: ‘‘काका, मेन बोर्ड कुठे आहे? जरा बघू का?’’