चित्रकला शिकवणाऱ्यांचे शिक्षण

शाळेत चित्रकला शिकवू इच्छिणाऱ्याला दोन विद्या आत्मसात कराव्या लागतात. पहिली स्वतः चित्र काढण्याची. ती मेहनतीने आणि रोजच्या रेखाटनाने हाती येते आणि तिची परीक्षा घेणेही फारसे अवघड नसते. दुसरी विद्या वाढत्या वयाच्या मुलाचे चित्र वाचण्याची असून ती बालमानसशास्त्र, कलेचा इतिहास आणि प्रत्यक्ष वर्ग यांच्या एकत्रित परिचयातून सावकाश घडते. तिला गुण देणे कठीण असल्यामुळे अभ्यासक्रमातही तिला नेहमी दुय्यम जागा मिळत आली आहे. महाराष्ट्रातील कलाशिक्षक-प्रशिक्षणाची परंपरा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तिने अनेक पिढ्यांना पक्क्या हाताचे शिक्षक दिले आहेत, मात्र या दोन विद्यांमधील तोल तिला अजून नीट साधलेला नाही.

या मार्गाची पहिली पायरी शाळेतच लागते. १९६५ साली स्थापन झालेल्या राज्याच्या कला संचालनालयामार्फत घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा ‘ग्रेड परीक्षा’ या नावाने घरोघरी परिचित आहेत. एलिमेंटरीला वस्तुचित्र, म्हणजे समोर मांडलेल्या वस्तू पाहून काढायचे चित्र; स्मरणचित्र, म्हणजे पूर्वी पाहिलेला प्रसंग आठवून केलेली मांडणी; संकल्पचित्र, म्हणजे दिलेल्या आकारात रचलेली नक्षी; आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्र आणि घनभूमिती यांची भर पडून काठिण्य वाढते. ज्याला कलाशिक्षक व्हायचे आहे तो विद्यार्थी पुढे ‘आर्ट टीचर डिप्लोमा’ म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘एटीडी’ हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम निवडतो. त्यानंतर अध्यापनशास्त्राची अधिक तयारी करून घेणारी कलाशिक्षणाची पदविका, म्हणजे ‘डिप. ए. एड.’, आणि ‘आर्ट मास्टर’ अशा वरच्या पायऱ्या आहेत. रेखाकला व रंगकला, शिल्पकला किंवा उपयोजित कला यांतील पदवी घेऊन अध्यापनाकडे वळणारेही अनेक असतात. राज्याबाहेर दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठात तर कलाशिक्षण या विषयातच ललित कलेची पदवी घेता येते.

एटीडीच्या विद्यार्थ्याच्या दिवसाचा मोठा भाग ड्रॉइंग बोर्डासमोर जातो. स्थिरचित्र, निसर्गचित्र, मुक्तहस्त रेखाटन, संकल्पचित्र, अक्षरांकन आणि यथार्थदर्शन, म्हणजे दूरच्या व जवळच्या वस्तूंचे आकार सपाट कागदावर डोळ्याला दिसतात तसे उतरवण्याचे शास्त्र, या साऱ्यांचे वर्ग आणि त्यांच्या जोडीला सादर करायच्या कामांचे गठ्ठे अशी ही दिनचर्या असते. खडूने फळ्यावर भरभर आणि मागच्या बाकापर्यंत दिसेल असे चित्र काढण्याच्या सरावाला येथे स्वतंत्र मोल आहे, कारण चाळीस मिनिटांच्या तासात झाड कसे उभे राहते हे दाखवण्यासाठी शिक्षकाला दोन-तीन मिनिटेच मिळतात. शिक्षणशास्त्र, बालमानसशास्त्र, कलेचा इतिहास आणि सराव पाठ हे त्यानंतरचे घटक होत.

हाताच्या अचूकतेला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर इतिहासात आहे. जमशेटजी जीजीभाय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत उभ्या राहिलेल्या आणि १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९३ साली रेखाकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा वर्ग उघडला गेला. त्या काळी कलाशिक्षणाचा नमुना लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशाळेतून आलेला होता. सरळ आणि वक्र रेषांपासून आरंभ करून भूमितीय आकृत्या, उठावाच्या नमुन्यांच्या नकला, प्लॅस्टरच्या प्रतिकृती असा टप्प्याटप्प्याने जाणारा तो क्रम कारागिरांना आणि कारखान्यांना नेमके, मोजूनमापून काम करणारा हात मिळवून देण्यासाठी आखलेला होता. त्या उद्देशाला ही पद्धत पुरेपूर उतरली, आणि तिच्यामुळे आपल्याकडच्या शिक्षकांना रेखाटनाची जी पक्की बैठक मिळाली तिचे ऋण मान्य करायलाच हवे. अडचण तेव्हा निर्माण झाली, जेव्हा प्रौढ कारागिरासाठी योजलेला हा क्रम दहा वर्षांच्या मुलाच्या चित्राला लावायचा मापदंड बनला.

मुलांच्या चित्रांना स्वतःचे नियम असतात हा विचार युरोपात त्याच सुमारास रुजत होता. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग चालू केला आणि तेथे नकलेऐवजी मुलांच्या स्वयंस्फूर्त निर्मितीला वाव दिला. मूळचे ऑस्ट्रियातील आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली प्रकाशित केलेल्या ग्रंथात बालचित्रांच्या विकासाचे टप्पे मांडले, जे आजही जगभरच्या कलाशिक्षक-प्रशिक्षणात शिकवले जातात. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत मूल गिरगोट्या काढते. त्यानंतर डोके आणि पाय जोडलेली माणसे येतात. सात ते नऊ या वयात माणूस, घर, झाड यांची ठरावीक चिन्हे तयार होतात, कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ आणि वर आकाशाची निळी पट्टी दिसू लागते, आणि घराच्या भिंतीआडची माणसेही दाखवली जातात, कारण मूल दिसते त्यापेक्षा ठाऊक असलेले रंगवत असते. नऊ ते बारा या वयात मात्र मुलाला स्वतःचे चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहण्याची सवय लागते आणि ‘मला चित्र येत नाही’ हे वाक्य याच वयात प्रथम ऐकू येते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे प्रशिक्षित कलाशिक्षक मुख्यतः माध्यमिक शाळांत असल्याने मूल त्याच्यासमोर येते ते पाचवीत, म्हणजे दहाव्या वर्षाच्या आसपास, नेमके आत्मविश्वास डळमळण्याच्या वेळी. अशा वेळी शिक्षकाने हाताचे प्रमाण चुकले म्हणून लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली तर मूल चित्रकलेपासून कायमचे दुरावू शकते. उलट काहीच न शिकवता नुसते कौतुक केले तरी वाढलेली जाण आणि न वाढलेला हात यांतील अंतर त्याला सलत राहते. तंत्र केव्हा द्यावे, किती द्यावे आणि केव्हा थांबावे हा निर्णय घेता येणे हीच कलाशिक्षकाची खरी व्यावसायिक पात्रता होय, आणि ती केवळ उत्तम स्थिरचित्र काढता आल्याने येत नाही.

या विचाराची एक समृद्ध शाखा विदर्भातच बहरली होती, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या पद्धतीच्या, सेवाग्राम येथील शाळेत, शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत कलाशिक्षक होते. मुलांच्या चित्रांचे दीर्घ निरीक्षण करून त्यांनी कला हा शिक्षणाचा पाया आहे अशी भूमिका पुस्तकरूपाने मांडली. सूतकताई, शेती, सफाई यांच्या बरोबरीने चित्र काढणारी खेड्यातील मुले हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यामुळे परदेशी सिद्धांतांपेक्षा त्यांचे लेखन आपल्या वर्गांच्या अधिक जवळचे आहे आणि एटीडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचायला हवे.

दोन्ही विद्या एकत्र येतात त्या सराव पाठांत. प्रशिक्षणार्थी आधी पाठ टाचण लिहितो, म्हणजे घटक, उद्दिष्टे, साहित्य, प्रस्तावना, दिग्दर्शन आणि मुलांचे काम यांचा वेळेसह आराखडा तयार करतो, आणि मग निरीक्षक प्राध्यापकाच्या उपस्थितीत एखाद्या शाळेत तास घेतो. साठ मुलांपैकी वीस जणांकडे रंगपेटी नसणे, बाकावर कागद मावत नसणे, पाणी सांडणे, घंटा होणे या साऱ्यांना तोंड देताना टाचण कोलमडते, आणि शिकणे खऱ्या अर्थाने तेथून सुरू होते. म्हणून ठरावीक पाठांची संख्या भरण्यापेक्षा एकाच वर्गातील चार-पाच मुलांची चित्रे वर्षभर जपून, त्यांच्यातील बदलांची नोंद ठेवण्याचे काम प्रशिक्षणार्थ्याला दिले तर त्याची नजर अधिक तयार होईल.

इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीच्या परीक्षेत अतिरिक्त गुण मिळू लागल्यापासून या परीक्षांकडे पालकांचा ओढा वाढला. त्यातून चित्रकलेला मान मिळाला हे खरे असले तरी जत्रा, बाजार किंवा पावसाळ्याचा दिवस यांची घोटून तयार केलेली स्मरणचित्रेही त्याबरोबर आली. नव्या शिक्षकावर शाळेचा पहिला दबाव येतो तो याच निकालाचा.

नोकरीची स्थिती समाधानकारक नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. कला विषयाला कायद्यात स्थान मिळाले ही मोठी गोष्ट होती, पण ‘अंशकालीन’ या शब्दाने पूर्णवेळ पदाची अपेक्षा धूसर केली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत दृश्यकला व प्रयोगकला यांसाठी कलाशिक्षणाच्या स्वतंत्र पदविकांचे निकष आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेच्या आधारे इतर विषय शिकवण्यावर भर दिला आणि २०२३ च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला एक स्वतंत्र अभ्यासक्षेत्र मानले. गणिताच्या तासाला रांगोळीतून सममिती शिकवायची असेल तर गणिताच्या शिक्षकाला मदत करणारा प्रशिक्षित कलाशिक्षक शाळेत पूर्णवेळ हजर असावा लागतो, आणि तो हजर राहण्यासाठी संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या पदांच्या हिशेबात, त्याचे पद असावे लागते.