एकच नाव, दोन जहाजं : करारातली संमती म्हणजे काय?



चौथीच्या वर्गात सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव असं सांगितलं, की दोन-चार मुलं हमखास उठतात, "बाई, म्हणजे आपलंच ना?" आपलं नव्हे बाळांनो! ते सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. आपलं नायगाव दादर पूर्वेला. आणि तिसरं पश्चिम रेल्वेवर, भाईंदर आणि वसई रोडच्या मधलं. वर्गात हा घोळ हसण्यावारी जातो. पण पैसे देऊन झाल्यावर कळला तर?

समजा, तुम्ही घरच्या साखरपुड्यासाठी केटररला फोन केला. शंभर पानं, रविवारी दुपारी, नायगावला. दर ठरला, २०,००० रुपये ॲडव्हान्स दिला. शनिवारी त्याचा फोन, "हॉल स्टेशनपासून किती लांब?" आणि तेव्हा कळतं, तो वसईकडचं नायगाव धरून बसलाय. दादरपर्यंत यायला तो तयार नाही. खोटं कोणीच बोललं नाही. मग करार मोडला कोणी?

कायदा आधी वेगळाच प्रश्न विचारतो : करार झाला होता का? भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १३ चा अर्थ असा, की दोन माणसं एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने कबूल झाली तरच ती संमती. "हो" हा शब्द दोघांनी उच्चारला एवढं पुरत नाही, दोघांच्या "हो"मागची वस्तू एकच हवी.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण मुंबईच्याच कापसाचं आहे, बरं का! १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या धामधुमीत राफल्स नावाच्या विक्रेत्याने विचेलहाऊस यांना १२५ गासड्या सुरती कापूस विकायचं ठरवलं. दर पौंडाला सव्वासतरा पेन्स. माल मुंबईहून ‘पीअरलेस’ जहाजाने येणार. आता गंमत बघा, पीअरलेस नावाची दोन जहाजं मुंबईहून निघाली होती! एक ऑक्टोबरमध्ये, दुसरं डिसेंबरमध्ये. घेणाऱ्याच्या मनात ऑक्टोबरचं, देणाऱ्याने माल आणला डिसेंबरच्या जहाजातून. घेणाऱ्याने माल नाकारला, विक्रेता कोर्टात गेला. १८६४ मध्ये निकाल घेणाऱ्याच्या बाजूने लागला. न्यायाधीशांनी कारणमीमांसा जवळजवळ दिलीच नाही. पण घेणाऱ्याच्या वकिलाचा मुद्दा हाच होता, की करारात कुठलं पीअरलेस ते लिहिलेलं नाही, दोघांच्या मनात दोन जहाजं होती, म्हणजे मतं जुळलीच नाहीत. कायद्याची मुलं आजही हा खटला शिकतात.

ही झाली वस्तूची चूक. माणूस ओळखण्यात चूक झाली तर प्रकरण जास्त अवघड होतं, कारण मध्ये एक तिसरा, निरपराध माणूस अडकतो.

लंडनच्या वुड स्ट्रीटवर ब्लेंकिरन नावाची नामांकित पेढी होती. त्याच रस्त्यावर ब्लेंकार्न नावाच्या ठगाने जागा घेतली आणि पत्रावर सही अशी केली, की ती ब्लेंकिरन वाचावी. बेलफास्टच्या लिंडसे यांनी त्या भरवशावर रुमालांचा माल पाठवला. ठगाने पैसे बुडवले आणि माल कंडी यांना विकून मोकळा झाला. १८७८ मध्ये निकाल लागला, की लिंडसेंच्या मनात ब्लेंकिरनच होते, ब्लेंकार्नशी करार झालाच नाही. म्हणून माल त्याचा कधी नव्हताच. भुर्दंड बिचाऱ्या कंडींना!

१९१९ च्या खटल्यात मात्र उलटं झालं. नॉर्थ नावाच्या माणसाने जवाहिऱ्याच्या दुकानात जाऊन आपण सर जॉर्ज बुलो आहोत असं सांगितलं, खोटा चेक देऊन अंगठी नेली आणि गहाण ठेवली. कोर्ट म्हणालं, जवाहिऱ्याने समोर उभ्या असलेल्या माणसालाच अंगठी विकली. करार झाला, फक्त फसवणुकीमुळे तो रद्द करता आला असता. पण त्याआधीच अंगठी गहाणदाराकडे गेली, आणि ती त्याच्याकडेच राहिली. मला स्वतःला हा फरक पूर्ण पटत नाही. फसवणूक पत्राने केली काय आणि तोंडावर केली काय! पण कायद्यात ‘मुळातच रद्दबातल’ आणि ‘रद्द करता येण्याजोगा’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. आपल्याकडे फसवणुकीने मिळवलेली संमती कलम १९ खाली दुसऱ्या प्रकारात मोडते. आणि १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २९ सांगतं, की असा करार रद्द होण्याआधी कोणी प्रामाणिकपणे, काही माहीत नसताना वस्तू विकत घेतली, तर ती त्याचीच.

आता आपल्या साखरपुड्याकडे येऊ. बोलण्यातून किंवा पावतीवरून कुठलं नायगाव हे ठरवायला काहीच मार्ग नसेल, तर पीअरलेससारखीच गत. करार झालाच नाही, आणि कलम ६५ प्रमाणे केटररला तुमचे २०,००० परत द्यावे लागतील. जेवण मात्र तुम्हाला दुसरीकडून मागवावं लागेल, त्याची भरपाई नाही. पण पावतीवर ‘नायगाव, दादर पूर्व, मुंबई ४०० ०१४’ असं लिहिलेलं असेल तर? मग त्याच्या मनात काय होतं हे कोर्ट विचारत बसत नाही. ती त्याची एकट्याची चूक, आणि कलम २२ म्हणतं, केवळ एकाच्या चुकीने करार मोडता येत नाही. मग तुम्ही ॲडव्हान्सही मागू शकता आणि ऐनवेळी दुसऱ्याला जास्त द्यावे लागलेले पैसेही.