लेक परदेशी शिकायला निघते तेव्हा

मागच्या उन्हाळ्यात मग़रिबनंतर आमच्या दारात एक मोटारसायकल थांबली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा, तिची अम्मी आणि दोघांच्या मध्ये अवघडून बसलेली ती स्वतः. अब्बांच्या हातात एक चकचकीत माहितीपत्रक होते. मुखपृष्ठावर बर्फाचे डोंगर, त्यांच्यापुढे पांढरे कोट घातलेली हसरी मुले, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'डॉक्टर बना, परदेशात शिका.' खुर्चीवर नीट टेकण्याआधीच त्यांनी विचारले, "बाजी, तुम्हीच सांगा. पाठवू का?"

हे गृहस्थ आठवडे बाजारात कपडे विकतात. आज सुरगाणा, उद्या बोरगाव, परवा उंबरठाण. आमचा तालुका आदिवासींचा, गुजरातच्या सीमेला लागलेला. त्यात आपली घरे मोजकी. इथल्या मुलीला नाशिक हेच पहिले परदेश. मी स्वतः बी.एड.साठी नाशिकला गेले तेव्हा अम्मीने नागलीच्या भाकऱ्यांचे एवढे मोठे गाठोडे बांधून दिले होते, जणू तिथे अन्नच मिळत नसावे. आज त्याच गावातली मुलगी किरगिझस्तानला जाण्याच्या गोष्टी करते आहे, हे ऐकून मला आधी आनंद झाला. भीती नंतर वाटली. दोन्ही खरे होते.

त्यांचा प्रश्न 'हो' किंवा 'नाही' एवढ्याने सुटणारा नव्हता. म्हणून त्या रात्री मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. इथेही तिथूनच सुरुवात करते.

आपल्या समाजाला परदेशी शिक्षण नवीन नाही. मुंबईचे बदरुद्दीन तय्यबजी १८६० साली विलायतेला गेले तेव्हा ते जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यांचे वालिद मुल्ला तय्यब अली मूळच्या खंभातच्या घराण्यातले, मुंबईतले व्यापारी. मुलांना विलायतेत शिकवण्याचा निर्णय त्यांनी ज्या काळात घेतला त्या काळात इंग्रजी शिक्षण म्हणजे दीन हातातून जाणे, असे मानणारे घरोघरी होते. बदरुद्दीन यांच्या गोष्टीतली एक बाब मात्र व्याख्यानांत कोणी सांगत नाही. १८६४ साली डोळ्यांच्या त्रासामुळे त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत ते होते, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, नंतर हायकोर्टाचे न्यायमूर्तीही. अर्ध्या वाटेवरून परतलेल्या त्या मुलाला घराने पुन्हा बोटीत बसवले नसते तर यातले काय घडले असते, कोण जाणे.

पण त्या रात्री माझ्या समोर मुलगी बसली होती. म्हणून मी बदरुद्दीन यांच्यापेक्षा त्यांच्याच गोतातल्या अतिया फैज़ींविषयी जास्त बोलले.

अतिया यांचा जन्म १८७७ चा, इस्तंबूलमधला. वालिद हसनअली व्यापारानिमित्त तिथे होते. कोकणातल्या वाचकांना त्यांच्या बहिणीचे नाव माहीत असेल. नाझली बेगम, जंजिऱ्याच्या नवाबांच्या पत्नी. दुसरी बहीण ज़ोहरा. १९०६ च्या सप्टेंबरात अतिया मुंबईहून बोटीने लंडनला गेल्या. मरिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायचे होते, आणि त्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली होती. म्हणजे आजच्या भाषेत, आपल्या घरातली एक मुलगी सव्वाशे वर्षांपूर्वी बी.एड. करायला लंडनला गेली! मी शिक्षिका असल्याने मला याचे जरा जास्तच कौतुक वाटते, हे मान्य करते.

लंडनमधून त्या घरी रोजनामचा लिहून पाठवत. ज़ोहरा तो नीटनेटका करून लाहोरच्या 'तहज़ीब-ए-निस्वाँ' या स्त्रियांच्या उर्दू पत्रिकेला देत. ती पत्रिका म्हणजे साधारण आपल्या या मासिकासारखीच, घरातल्या बायकांच्या हाती पडणारी. १९०७ साली हे लेखन तिथे छापून येत राहिले. कुठल्या कुठल्या गावांतल्या, उंबऱ्याबाहेर फारशा न पडणाऱ्या बायका अतियांच्या नजरेने लंडन पाहत होत्या. १९२१ मध्ये त्याचे पुस्तक झाले, 'ज़माना-ए-तहसील'. ज्यांना उर्दू वाचता येते त्यांनी जरूर मिळवून वाचावे. याच लंडन मुक्कामात त्यांची भेट इक़बाल यांच्याशी झाली. इक़बाल तेव्हा केंब्रिजला शिकत होते, नंतर म्यूनिकहून डॉक्टरेट घेऊन परतले. लोकांना अतियांविषयी तेवढेच लक्षात राहते, आणि मला त्याचा राग येतो. एका मुलीने शिकण्यासाठी समुद्र ओलांडला, आणि आपण विचारतो काय, तर तिला तिथे कोण भेटले!

आता मुद्द्याची गोष्ट. अतियांचे शिक्षण पूर्ण झाले नाही. तब्येत बिघडली आणि १९०७ च्या शरदात त्या प्रमाणपत्राशिवाय परतल्या. हे सांगताच समोर बसलेल्या अम्मीने मान हलवली, "म्हणजे वाया गेलं." मुलगी मात्र पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "वाया कसं? लिहिलं ना तिने सगळं." अतियांनी पुढे हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि मुलींच्या शिक्षणासाठी बोलत राहिल्या. लंडन अर्धवट राहिले, पण आयुष्य तिथेच थांबले नाही.

एक फरक मात्र मी मुद्दाम सांगितला. अतियांच्या मागे शिष्यवृत्ती होती, घराणे होते, लंडनमध्ये आप्त होते. आजारी पडल्यावर परतीचे भाडे कुठून आणायचे हा प्रश्न तय्यबजी-फैज़ी घराण्याला पडला नसावा. बाजारात कपडे विकणाऱ्या माणसाला तो पडतो. म्हणूनच निघण्याआधी हिशोब पक्का हवा.

मग आम्ही माहितीपत्रक उघडले. सहा वर्षांचे पंचवीस लाख, राहणे-जेवण धरून. हलाल जेवणाची हमी, मुलींचे वेगळे वसतिगृह. आणि सर्वांत ठळक अक्षरांत 'नीटचे गुण कमी असले तरी चालतील'. एजंटाने दहावीची मूळ गुणपत्रिका आधीच ठेवून घेतली होती आणि 'जागा अडवण्यासाठी' पन्नास हजारही. माझ्या मनात पाल चुकचुकली ती इथेच. प्रवेशाच्या नावाखाली मूळ कागद अडकवून ठेवणाऱ्याकडे मूल सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणी नाराज झाले तरी चालेल.

नियम काय आहेत ते घरोघरी माहीत हवेत. परदेशात एम.बी.बी.एस. करून भारतात डॉक्टरी करायची असेल तर नीट पात्र होणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नोव्हेंबर २०२१ चे नियम सांगतात की शिक्षण किमान ५४ महिन्यांचे आणि एकाच संस्थेत हवे, माध्यम इंग्रजी हवे, त्यावर १२ महिन्यांची इंटर्नशिप तिथेच व्हायला हवी, आणि त्या पदवीवर त्या देशातही तिथल्या नागरिकांप्रमाणे डॉक्टरी करता यायला हवी. अधेमधे विद्यापीठ बदलले की अडचण. परत आल्यावर ३०० गुणांची परीक्षा, त्यात १५० मिळाले तरच पुढची वाट, आणि मग इथे पुन्हा एक वर्ष इंटर्नशिप. या परीक्षेत अनेक सत्रांत चारांपैकी तीन मुले नापास झालेली आहेत. माहितीपत्रकात याचा उल्लेख कुठल्या पानावर होता म्हणता? कुठल्याच नाही.

सुरक्षेचीही गोष्ट आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय मुलांना शिक्षण अर्धवट सोडून सीमेपर्यंत धावावे लागले. मे २०२४ मध्ये बिश्केकला परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले. त्या दिवसांत ज्यांची मुले तिथे होती त्या आयांनी रात्री कशा काढल्या असतील! मी हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. जिथे मूल जाणार त्या गावात आपला दूतावास किती लांब आहे, आपल्या भागातली किती मुले तिथे आधीपासून आहेत, त्यांच्या आईवडिलांशी बोलता येईल का, एवढे तरी विचारले पाहिजे. एजंटाला नव्हे, त्या आईवडिलांना.

मग अब्बांनी हळूच खरा प्रश्न काढला. कर्ज काढायचे तर व्याज. दीनदार माणूस, बाजारात उधारीवरसुद्धा एक रुपया जास्त घेत नाही. याबाबत मी फतवा देणारी कोण? आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा, असेच सांगितले. माहिती मात्र दिली. अल्पसंख्याक मुलांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज सरकारने भरण्याची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद झाली. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आहे, पण जागा थोड्या आणि नामांकित विद्यापीठातला प्रवेश लागतो. आमच्या तालुक्यातल्या आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. शाळेत मी दोन्ही प्रकारच्या मुलांना सांगते, कारण त्यांच्या घरीही ती कोणाला माहीत नसते.

जर्मनीचेही सांगितले. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग या प्रांतात युरोपबाहेरच्या मुलांना दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि म्यूनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही आता शुल्क सुरू केले आहे. पण शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे नव्हे. व्हिसासाठी वर्षभराच्या गुजराणीचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात दाखवावे लागतात, त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. रुपयांत ती रक्कम अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. फरक एवढाच की हे पैसे मुलाच्याच पोटापाण्याचे असतात, एजंटाच्या नव्हे. शिवाय भारतीय मुलांना कागदपत्रांची ए.पी.एस. पडताळणी करून घ्यावी लागते.

अम्मीचा प्रश्न शेवटी आला. "महरमशिवाय इतक्या लांब?" हा प्रश्न मी कधी हसण्यावारी नेत नाही. उलमांमध्ये यावर मतभेद आहेत. बरेच जण महरमची अट धरतात. प्रवास सुरक्षित असेल तर मुभा देणारे हज़रत अदी बिन हातिम रज़ि. यांच्या रिवायतीकडे बोट दाखवतात, ज्यात हीराहून काब्यापर्यंत एकट्या निर्भयपणे येणाऱ्या स्त्रीचा उल्लेख आहे. याउलट, इल्मसाठी चीनपर्यंत जा, हे प्रत्येक सत्कार समारंभात ऐकवले जाणारे वाक्य मुहद्दिसांच्या मते अत्यंत कमकुवत सनदीचे आहे. मुलीला पाठवायचे असले तरी आणि थांबवायचे असले तरी, आधार पक्का घ्यावा. अम्मीला मी एवढेच म्हटले की नाशिकला पाठवतानाही हाच प्रश्न पडेल, तेव्हा तो आत्ताच घरात बसून सोडवा.

या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट राहूनच गेली होती. मुलीला कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले, "तुला डॉक्टरच व्हायचंय का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला प्रयोगशाळेतलं काम आवडतं. डॉक्टर अब्बांना हवंय." अब्बा तिच्याकडे असे बघत राहिले जणू तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांच्यावर रागावण्यासारखे काही नव्हते. आपल्या तालुक्यात बाळंतिणीला रात्री डॉक्टर मिळत नाही, हे त्यांनी घरातच अनुभवले होते. त्यांच्या हट्टामागे ते दुखणे होते.

दुसऱ्याच आठवड्यात ते एजंटाकडे गेले. तीन हेलपाटे घातल्यावर गुणपत्रिका परत मिळाली. पन्नास हजार मिळाले नाहीत. 'प्रक्रिया शुल्क' म्हणून ते कापले गेले, पावतीही नव्हती. बाजारच्या किती दिवसांची ती कमाई होती, याचा हिशोब त्यांनी मला सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

मुलगी आता नाशिकला बी.एस्सी. करते आहे, मावशीकडे राहून. पदव्युत्तर शिक्षणासाठी जर्मनीला जमले तर बघू, असे तिने ठरवले आहे, आणि त्यासाठी मोबाईलवरून ती भाषाही शिकते. रमज़ान ईदला घरी आली तेव्हा शीरखुर्मा ढवळणाऱ्या अम्मीला तिने जर्मनमध्ये काहीतरी विचारले. अम्मी म्हणाली, "काय म्हणालीस?" तर म्हणे, "दूध किती घालू?" अम्मीने पळी तिच्या हातात दिली आणि शेजारणीला हाक मारून सांगितले, "ऐकलं का, आमची पोरगी परदेशी बोलते."