विहीर एक, वाटेकरी पाच

२०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराची तहान भागवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली. पाचच वर्षांनी, २०२३ च्या जुलैत, याच जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात आनंदनगरला पुराने वेढा घातला आणि अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. पावसाचा लांबलेला खंड आणि मग एका रात्रीत कोसळणारं आभाळ, दोन्ही इथल्या कास्तकाराने पऱ्हाटीत उभं राहून पाहिलंय. हवामान बदलतंय हे त्याला भाषणातून सांगायला नको. हाती लागलेलं पाणी गावाने मिळून कसं पुरवायचं, हा खरा प्रश्न आहे. त्यावर भित्तीपत्रकं आणि प्रभातफेऱ्या भरपूर झाल्या. आता खेळ हवा.

खेळातून शिकवण आपल्याला नवी नाही. सापशिडीचं जुनं रूप असलेल्या मोक्षपटाचं श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. अलीकडचं उदाहरण आंध्र प्रदेशातलं आहे. तिथे काही गावांत संशोधकांनी आणि फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेने शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला दिला. पाच खेळाडू, सगळ्यांचं भूजल एक. प्रत्येकाने दर फेरीला पीक निवडायचं: कमी पाण्याचं, कमी पैशाचं किंवा जास्त पाण्याचं, जास्त पैशाचं. आधीच्या फेऱ्यांत आपसात बोलायला मनाई, नंतरच्या फेऱ्यांत मोकळीक. खेळ संपला की सगळं गाव बसून चर्चा करी. पुढे या गावांत पाण्याची नोंदवही ठेवण्याचं आणि उपशाचे नियम करण्याचं प्रमाण खेळ न झालेल्या गावांपेक्षा जास्त आढळलं. मला यातली चर्चाच सगळ्यात मोलाची वाटते. खेळात पाणी संपवणारा माणूस चिडत नाही, विचारात पडतो.

असा खेळ यवतमाळच्या शाळेतली मुलं स्वतः बनवू शकतात. स्क्रॅच हे मोफत सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात रंगीत ठोकळे एकात एक अडकवले की प्रोग्रॅम तयार होतो. एकदा संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. विहिरीची पातळी हा एक बदलता आकडा, पाऊस हा संगणकाने दर फेरीला काढलेला दुसरा. रब्बीत हरभरा घेतला तर पातळी एकने उतरेल, गहू घेतला तर तीनने. पाचही जणांनी गहूच निवडला तर विहीर किती फेऱ्या टिकते, हे मुलांनी आपल्या आईबापांना खेळायला लावून दाखवावं. संगणक बंद असेल तर जमिनीवर खडूने विहीर आखा आणि पाण्याऐवजी चिंचोके मोजा, खेळ तोच राहतो.

आकडे मात्र गावाचेच हवेत. ते मिळायची सोयही झाली आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात यवतमाळसह १५ जिल्हे होते. त्यासाठी आयआयटी मुंबईच्या मदतीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत तयार झाली: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, पिकांना किती लागणार. खडकाळ जमिनीत पाणी साठतं थोडं आणि उतरतं लवकर, म्हणून हा हिशेब इथे जिव्हाळ्याचा. पण ताळेबंदाचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर टांगलेला राहिला तर त्याकडे कोण बघणार? तेच आकडे मुलांच्या खेळात उतरले, तर आपण निवडलेल्या पिकाने विहिरीचं काय होतं ते प्रत्येकाला पडद्यावर दिसेल.

चुरस लागली की गाव कामाला लागतं, हे पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ पासून दाखवून दिलं. त्याच संस्थेने पुढे शाळकरी मुलांसाठी ‘निसर्गाची धमाल शाळा’ हा उपक्रमही आणला. वाट मळलेली आहे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. गावाचा ताळेबंद ग्रामपंचायतीतून मागून घ्या, त्यावरून मुलांना खेळ बनवू द्या आणि गहू-हरभऱ्याची पेरणी ठरण्याआधी तो ग्रामसभेत मांडा. खेळणाऱ्यांत बाया हव्यातच. घरात पाणी आणण्याचं काम त्यांच्याच वाट्याला येतं.